दोन चाकांच्या ट्रॉलीला एक कागद द्या

प्रति,
माननीय परिवहन आयुक्त, महाराष्ट्र राज्य,
तसेच पुणे जिल्ह्यातले सर्व प्रादेशिक परिवहन अधिकारी

महोदय,

सप्रेम नमस्कार.

मी हडपसरला राहते. घरात चौघांना पुरेल अशी एक छोटी हॅचबॅक आहे. ह्या गाडीमागे दोन चाकांची ट्रॉली जोडून त्यावर एक मोटरसायकल न्यायची आहे आणि ती कायद्याने न्यायची आहे. एवढ्या एका गोष्टीसाठी मी दीड वर्ष फिरते आहे, म्हणून आज उघड लिहिते.

आधी कारण सांगते. माझी मुलगी १७ वर्षांची आहे आणि डर्ट बाइक चालवते. मातीच्या शर्यतीची ही बाइक साधारण १०८ किलोची. तिला दिवा नाही, इंडिकेटर नाही, आरसे नाहीत, हॉर्न नाही आणि नंबर प्लेटही नाही, कारण ती रस्त्यासाठी बनलेलीच नाही. तिची नोंदणी होत नाही. तशातही गिअरच्या मोटरसायकलच्या परवान्याला १८ वर्षं पूर्ण व्हावी लागतात. सरावाचा ट्रॅक आहे सासवडच्या पुढे, एका शेतात माती ओढून केलेला. म्हणजे घरापासून तिथपर्यंत बाइक कशावर तरी चढवूनच न्यावी लागते. तिने ती रस्त्यावरून चालवत नेली तर गुन्हा, आणि तो गुन्हा आमच्या घरात होणार नाही हे मी तिला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

हा कुणाचा तरी श्रीमंती शौक आहे असं वाटून पत्र बाजूला ठेवू नका. २०२४ च्या जानेवारीत बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडासंकुलात इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची, म्हणजे अशाच मातीतल्या बाइकच्या स्पर्धेची, पहिली शर्यत झाली. आम्ही मायलेकी गॅलरीत होतो. मुलं बापाच्या खांद्यावर बसून बघत होती. ज्या गावाशेजारी चाकणला मोटरसायकली बनतात, जिथल्या प्रत्येक वाड्यात, सोसायटीत माणसांपेक्षा जास्त दुचाकी उभ्या असतात, तिथल्या पोरांना हा खेळ खेळावासा वाटणार. त्यांच्या आईबापांकडे पिकअप नसतो. छोटी गाडी असते.

आम्ही सुरुवातीला छोटा हत्ती करायचो. जायचे-यायचे, दिवसभर थांबण्याचे धरून अडीच हजार. महिन्याचे चार रविवार म्हणजे दहा हजार. त्यात लग्नाच्या तिथी आल्या की टेम्पोवाला आदल्या रात्री फोन करून नाही म्हणतो, आणि त्यालाही मी बोल लावत नाही, त्याचं पोट त्यावर आहे. पण पैशांपेक्षाही मला टोचायचं ते वेगळंच. बाइक हौद्यात सुती दोरीने बांधलेली, खाली फळी नाही, आणि मुलगी मागे हौद्यात बाइक धरून उभी राहायची. 'काकू, काही होत नाही' असं ऐकत मी दोन महिने गप्प बसले. मग ट्रॉलीचा विचार सुरू झाला.

मी चौकशीला एका कार्यालयात गेले. कोणत्या ते लिहीत नाही, कारण तिथल्या माणसाशी माझं भांडण नाही. त्याने मला बसायला खुर्ची दिली, शांतपणे ऐकून घेतलं. ट्रेलर म्हटल्यावर त्याच्या डोळ्यांपुढे चाकणहून नव्या गाड्या वाहून नेणारा लांबलचक ट्रेलर आला. ट्रॉली म्हटल्यावर उसाची ट्रॉली आली. 'ट्रॅक्टरचं आरसी बुक आणा' म्हणाला. मी म्हटलं, ट्रॅक्टर नाही, कार आहे. त्याने बराच विचार केला आणि म्हणाला, 'मॅडम, कारला ट्रॉली जोडायची पद्धत आपल्याकडे नाही. कुणी पकडलं तर आमचं नाव सांगू नका.' दुसऱ्या एका ठिकाणी उत्तर आलं, 'खासगी वापर आहे ना, मग लागत नाही काही.' दोन माणसं, दोन उत्तरं, आणि दोघांच्याही हातात कागद नाही.

कागद मुळात आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये ट्रेलरची व्याख्या आहे आणि कलम ६१ सरळ सांगतं की वाहनाच्या नोंदणीचे नियम ट्रेलरलाही लागू आहेत. ट्रेलरचा स्वतःचा नंबर त्याच्या बाजूला लिहायचा आणि ओढणाऱ्या गाडीचा नंबर ट्रेलरच्या मागे दिसला पाहिजे. आपल्याच वाहन-वर्गीकरणात ७५० किलोपर्यंतच्या एकूण वजनाच्या ट्रेलरला टी-१ असा स्वतंत्र वर्ग आहे. म्हणजे कायद्याला ही वस्तू माहीत आहे. पुण्यातल्या हॅचबॅकवाल्या बाईने त्या कायद्यापर्यंत कोणत्या खिडकीतून पोचायचं, एवढंच कुणी लिहून ठेवलेलं नाही.

आणि जिथे लिहून ठेवलेलं नसतं तिथे लोक काय करतात, ते मी केलं. हे कबूल करताना मला लाज वाटते, पण ते न सांगता पुढचं सांगता येणार नाही.

मी एका फॅब्रिकेशनच्या शेडमधून ट्रॉली बनवून घेतली. चॅनेलची चौकट, मध्ये चाक बसायला खाच, एक ॲक्सल, दोन पाटे, स्कूटरची म्हणावीत अशी लहान चाकं. वजन १३० किलो. करणारा माणूस हाताने चांगला होता, शेतीच्या ट्रॉल्या त्याने शेकड्याने केल्या असतील. गाडीला मागे हुक हवा म्हणून त्याने बंपर काढला, आतल्या पत्र्याला एक अँगल लावला आणि त्यावर ट्रॉली अडकवायचा लोखंडी गोळा बसवला. छोट्या गाडीला ट्रकसारखी वेगळी चासी नसते, सगळं अंगच पत्र्याचं असतं. त्यात डाव्या-उजव्या बाजूला जे दोन जाड पोकळ दांडे असतात, त्यांनाच ओढ द्यायची असते. मधल्या पत्र्याला नाही. हे त्याला माहीत नव्हतं आणि मलाही नव्हतं. सांगणारं कुणी नव्हतं.

तीन रविवार सगळं नीट गेलं. चौथ्या रविवारी संध्याकाळी आम्ही सासवडहून परत निघालो. ट्रॉलीवर बाइक, बाइकच्या मागे, अगदी शेपटाकडे, हत्यारांची पेटी आणि पेट्रोलचा कॅन. दिवे घाट उतरताना मी हळूच होते. वळणं संपत आली, खाली मस्तानी तलाव दिसायला लागला, रस्ता जरा सरळ झाला आणि माझ्या नकळत काटा ५५ वर गेला. उजवीकडून एक एसटी पुढे गेली. तिच्या हवेचा धक्का ट्रॉलीला बसला. आधी मला वाटलं मागचं चाक पंक्चर झालं. गाडीचा मागचा भाग डावीकडे ओढला गेला, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे, आणि दर झोक्याला जास्त. आरशात बाइकचं हँडल एकदा ह्या आरशात दिसे, एकदा त्या आरशात. मी ब्रेक दाबला. ब्रेक दाबल्याबरोबर झोका दुप्पट झाला, स्टिअरिंग हातात राहीना. मागच्या सीटवरून मुलगी ओरडली, 'आई, ब्रेक सोड! हात सरळ धर!' तिला ते मातीवरून माहीत होतं. बाइकची शेपूट सुटली की ब्रेकला हात लावायचा नाही, हे ती हजार वेळा शिकलेली. मी पाय उचलला. गाडी तिसऱ्या गिअरमध्ये होती, इंजिनाने तिला धरलं. झोके लहान झाले. वडकीच्या अलीकडे डाव्या बाजूला मी गाडी लावली आणि किती तरी वेळ दार उघडून बाहेर येऊ शकले नाही.

खाली उतरून पाहिलं. अँगलच्या वेल्डिंगवर केसाएवढी चीर गेली होती. तिच्या दोन्ही बाजूंचा रंग उडून लोखंड चमकत होतं. सेफ्टी चेन लावलेलीच नव्हती. अजून एक-दोन झोके, आणि अडीचशे किलोंची ती वस्तू घाटाच्या उतारावर मोकळी सुटली असती. आमच्या मागे एका स्कूटीवर नवरा-बायको आणि मध्ये लहान मूल होतं. त्यांनी थांबून विचारलं, 'ताई, ठीक आहे ना?' त्या मुलाचा चेहरा मला अजून दिसतो.

त्या दिवसापासून ती ट्रॉली रस्त्यावर आलेली नाही.

पण चूक कुठे झाली ते शोधल्याशिवाय मला झोप लागेना. मी वाचलं, विचारलं, आणि शेवटी घरचा वजनकाटा पार्किंगमध्ये नेला. आंघोळीनंतर आपण ज्यावर उभे राहतो तो साधा काटा. त्यावर लाकडी ठोकळा ठेवला, ट्रॉली सपाट राहील एवढ्या उंचीचा, आणि ट्रॉलीचं नाक म्हणजे गोळ्यावर बसणारा भाग त्यावर टेकवला. त्या दिवशी लादली होती तशीच बाइक, पेटी, कॅन सगळं लादलं. काट्याने दाखवले चार किलो. एकूण वजन साधारण २७० किलो, आणि नाकावर चार किलो. मागच्या पेटी-कॅनच्या वजनाने नाक जवळजवळ उचललंच होतं. अशी ट्रॉली गाडीच्या मागे चालत नाही, ती गाडीला हलवते.

अमेरिकेत एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार नाकावर हवा असं सांगतात. ब्रिटनमध्ये कॅरव्हॅनवाल्यांचा हिशेब ५ ते ७ टक्क्यांचा. तिकडचा कुठलाही आकडा घेतला तरी माझा दीड टक्का मृत्यूला आमंत्रण होता. मी पेटी आणि कॅन उचलून गाडीच्या डिकीत ठेवले. बाइक चार बोटं पुढे सरकवली, फक्त चार बोटं. काटा २२ वर गेला. राहिलेल्या २४० किलोंवर हे नऊ टक्के होतात. बाकी काहीही बदललं नाही, एक नटबोल्टही नाही. एवढ्याशा फरकाने त्या घाटात काय वेगळं घडलं असतं ह्याचा विचार केला की अंगावर काटा येतो.

आयुक्तसाहेब, हे मी इतकं तपशिलात लिहिलं कारण माझी सगळी मागणी ह्या चार बोटांत आहे. ही माहिती मला कुणी आधी दिली असती तर मी ती पाळली असती. ती देण्याची जागा म्हणजे नोंदणीची खिडकी. तिथे माणूस जातो, फॉर्म भरतो, कागद वाचतो, तपासणीला वाहन उभं करतो. ती खिडकीच आमच्यासाठी नाही म्हटल्यावर आम्ही अंधारात जोडाजोड करतो, आणि दिवे घाटात मागून येणाऱ्या स्कूटीवरचं मूल त्याची किंमत मोजणार असतं. मला सूट नको आहे. मला तपासणी हवी आहे.

बाइक बांधायचीही एक रीत असते. ती कुणी शिकवत नाही. साइड स्टँडवर बाइक कधी न्यायची नाही, उभी न्यायची, पुढचं चाक खाचेत घट्ट. चार पट्टे, दोन पुढे दोन मागे, तिरके बाहेर ओढलेले. पुढचे पट्टे घट्ट करताना शॉकअप साधारण अर्धे दबले पाहिजेत. पूर्ण दाबले तर सील जातात, सैल सोडले तर पहिल्या गतिरोधकाला पट्टा उडतो. आणि पुण्यातले गतिरोधक! इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाप्रमाणे गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच हवा. आमच्या गल्लीतला त्याच्या निम्म्याहून अरुंद आहे आणि उंची मी मोजली तेव्हा १४ भरली. कार त्यावरून कशीबशी जाते, पण ट्रॉलीचं लहान चाक त्यावर आपटतं. नाना पेठेतून मी आधी साधे पट्टे आणले होते, ते दोन फेऱ्यांत उसवले. आता रॅचेटचे, म्हणजे दातेरी कळीने घट्ट होणारे, आणले आहेत. निघाल्यावर पाच किलोमीटरवर थांबून पट्टे पुन्हा ओढायचे, हे मी फाटकाच्या आत एका पुठ्ठ्यावर लिहून लावलंय.

आता मागणं.

खासगी गाडीमागे ओढायच्या ७५० किलोंच्या आतल्या ट्रॉलीसाठी दोन पानांची मराठी कार्यपद्धती काढा आणि ती राज्यातल्या प्रत्येक कार्यालयात भिंतीवर लावा. ट्रॉली कुणी बनवलेली चालेल, तिची तपासणी कुठे होईल, कोणता अर्ज, किती कर, हलक्या वाहनाच्या परवान्यावर ती ओढता येते का, तृतीय पक्षाच्या विम्यात ती कशी नोंदवायची, एवढं त्यात स्वच्छ असू द्या. कायदा तुमच्याकडे आहे, नवीन करायला सांगत नाही.

दुसरं, गाडीच्या हुकचं काय ते एकदा ठरवा. कलम ५२ प्रमाणे वाहनात मूळ नोंदीपेक्षा वेगळा बदल करता येत नाही, आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने ते आणखी कडक शब्दांत सांगितलं. मला ते मान्य आहे. गाडीच्या पुढे लावतात त्या लोखंडी बुलबारवर २०१७ च्या डिसेंबरात केंद्राने कारवाई करायला सांगितलं तेही योग्यच होतं, चालणाऱ्या माणसाला त्या लोखंडाने इजा होते. पण नीट बसवलेला, काम नसताना काढून ठेवता येणारा हुक आणि दिखाव्याचा बुलबार ह्या दोन गोष्टी एका मापाने मोजू नका. गाडी कंपन्यांनीही बोललं पाहिजे. युरोपात आमच्या गाडीच्या वर्गातल्या गाड्या विकताना किती किलो ओढता येतं, ब्रेक असलेल्या ट्रॉलीला किती आणि नसलेल्या ट्रॉलीला किती, हे पुस्तिकेत छापलेलं असतं. तिथे ब्रेक नसलेली ट्रॉली ७५० किलो किंवा गाडीच्या स्वतःच्या वजनाच्या निम्मी, ह्यांपैकी जे कमी असेल तेवढीच ओढायची. माझ्या गाडीच्या पुस्तिकेत आकड्याची जागाच नाही. ही बाब केंद्राची आहे हे मला कळतं, पण आपण लिहिलेल्या पत्राला तिथे वजन आहे, माझ्या पत्राला नाही.

तपासायला कुठे जायचं, असा प्रश्न दुसऱ्या एखाद्या शहरात पडला असता. वेताळ टेकडीवर १९६६ मध्ये स्थापन झालेली एआरएआय ही संस्था आहे, जिथे देशभरच्या गाड्यांच्या चाचण्या होतात. भोसरीला सीआयआरटी ही रस्ते वाहतुकीची केंद्रीय संस्था आहे. ह्या दोन्ही संस्थांतल्या अभियंत्यांनी एका आठवड्यात हॅचबॅकसाठी साध्या ट्रॉलीचं एक रेखाचित्र करून दिलं, ॲक्सल कुठे, गोळा किती मिलिमीटरचा, चेन कशी, दिव्यांची वायर कशी, तर ते घेऊन पुण्यातला कुठलाही फॅब्रिकेटर शंभर टक्के नीट ट्रॉली बनवेल. त्याचा हात चांगला आहे. त्याला नकाशा द्या.

आणि पोलिसांना, टोलवरच्या माणसांना एक ओळ कळवा. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी आहे आणि ती असायलाच हवी. ट्रॉलीवर चार पट्ट्यांनी बांधलेली दुचाकी मात्र त्या क्षणी सामान आहे, वाहन नाही.

ही गरज माझ्या एकटीची नाही. ट्रॅकवर दर रविवारी पाच-सहा घरं भेटतात. त्यांतल्या दोघांनी माझ्यासारखीच ट्रॉली करून घेतली आहे, त्यांना मी वजनकाटा नेऊन दिला. जुन्या येझदी, जावा, लँब्रेटा मेहनतीने उभ्या करणारे लोक ह्या शहरात आहेत, त्यांनाही बंद गाडी मेकॅनिककडे न्यायला हेच लागतं. २०२१ मध्ये राज्याने कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हा मला खरंच वाटलं होतं की आता ओढून न्यायच्या लहान गोष्टींचाही कुणीतरी विचार करेल.

माझी ट्रॉली पार्किंगच्या कोपऱ्यात विटांवर उभी आहे. चिरलेला अँगल कापून वेगळा ठेवला आहे, फेकलेला नाही. सोबत तीन महिन्यांचा वजनांचा हिशेब एका वहीत आहे. आपल्या कार्यालयातल्या कुणालाही बघायची, मोजायची, मोडून पाहायची असेल तर ती न्यायला मी आजच टेम्पो सांगते. मुलीचा सराव रविवारी सकाळी सातला असतो, तेवढा सोडून कुठलाही दिवस चालेल.

आपली नम्र,
हडपसरची एक आई